गायरानाच्या ठरावात लांडग्याची हरकत कोण नोंदवणार?

माळावरचा

आमचं गाव साक्री तालुक्यातलं. मागच्या ग्रामसभेत गायरानाचा मोठा तुकडा सौर प्रकल्पाला द्यायचा ठराव आला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत राज्यभर सरकारी आणि गायरान जमिनी घेणं चालू आहे, तेव्हा आमच्याच गावावर काही आकाश कोसळलेलं नाही. तरुण शेतकऱ्यांना दिवसा वीज हवी, ग्रामपंचायतीला अनुदान हवं. दोघांचंही म्हणणं रास्त आहे.

मी उभा राहून एवढंच विचारलं, की या माळावर लांडगा आहे, खोकड आहे, टिटवी-चंडोलाची घरटी आहेत, त्यांच्या बाजूने बोलायचं काम सभेत कुणाचं? हशा पिकला. "त्यांचे आधार कार्ड घेऊन या" असंही कुणी म्हणालं. ठराव मंजूर.

घरी येऊन कायदा चाळला. जैविक विविधता कायदा, २००२, कलम ४१: प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची. २००४ च्या मूळ नियमांत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य होते, त्यात किमान एक तृतीयांश महिला. या समितीने गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार ठेवायची. म्हणजे खुर्ची आहे, फक्त तिच्यावर कुणी बसत नाही. आमच्याकडे समितीची नावं कागदावर आहेत, त्यातल्या दोघांना आपण सदस्य आहोत हे माझ्याकडून कळलं. नोंदवही बाहेरच्या माणसांनी येऊन भरून दिलेली. तिच्यात आंबा, लिंब, बाभूळ व्यवस्थित आहेत. लांडगा नाही.

जनावरांना मत द्या असं मी म्हणत नाही. मागणी छोटी आहे. जमीन, पाणी, चराई किंवा रस्ता यांचा ठराव होण्याआधी नेमलेल्या एका माणसाने त्या जागेवरच्या जनावरांच्या वतीने हरकत लेखी द्यावी, आणि ती फेटाळायची असेल तर सभेने कारण लिहून फेटाळावी. बस. यात काय अडचण दिसते ते सांगा.

अहिराणी_आबा

भाऊ, तुम्हीन रोहीनी वकिली करतस, मना हरभरा कोन भरी देई? एक रातमा सफाचट. हाऊ तुमना हरकतवाला पंचनामाले येई का, का फक्त सभामा बोली?

रावेरकर

आबांना +१. आमच्याकडे केळीत रानडुकरं शिरली की नुसती खात नाहीत, खोडं उलथून टाकतात. २०१५ च्या शासन निर्णयाने पिकाचं नुकसान करणारी रोही (नीलगायी) आणि डुकरं परवानगी काढून मारता येतात, पण परवानगीसाठी चकरा मारेपर्यंत घड खाली येतात. जनावरांची बाजू घेणारे सगळे असतात हो, वन खातं आहे, प्राणिमित्र आहेत, कोर्ट आहे. शेतकऱ्याची बाजू घ्यायला कोण आहे ते आधी सांगा.

माळावरचा

रावेरकर, वन खातं जनावरांची बाजू घेतं हा गैरसमज आहे. ते जमिनीचं आणि कायद्याचं राखणदार आहे. त्यातही गायरान त्यांच्या हद्दीत नाही, म्हणून आमच्या सभेला त्यांचा माणूस यायचं कारणच नव्हतं. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान आणि राज्य मंडळाचे मुख्यमंत्री. रस्ते, धरणं, खाणी ज्यांना हव्यात त्यांच्याच हाताखाली हरकतीची जागा. तज्ज्ञ सदस्य असतात हे खरं, पण मंडळ कुणाचं हे विसरून चालत नाही.

आबा, पंचनाम्याचा मुद्दा लिहून घेतलाय. त्यावर परत येतो.

कोर्टकचेरी

धागा चांगला आहे, कायद्याची बाजू मांडतो.

आपल्याकडे बोलू न शकणाऱ्याच्या वतीने कोर्टात उभं राहण्याची सोय नवी नाही. अल्पवयीन मुलाच्या वतीने वादमित्र असतो. देवाची मूर्ती कायद्याने व्यक्ती आहे, तिची मालमत्ता असते, ती दावा लावते, आणि तिच्या वतीने सेवेकरी किंवा वादमित्र बोलतो. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये एका बंगाली घराण्याच्या वादात तर मूर्तीची इच्छा तिच्या स्वतंत्र प्रतिनिधीमार्फत ऐकून घ्या असं सांगितलं होतं. अयोध्येच्या दाव्यात रामलल्ला स्वतः वादी होते हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा "मुक्या जिवाचा प्रतिनिधी कसा असेल?" हा आक्षेप भारतात तरी टिकत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद करताना प्राण्यांच्या सन्मानाबद्दल बरंच उदार लिहिलं. मग तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राने २०१७ मध्ये शर्यतींना परवानगी देणाऱ्या आपापल्या दुरुस्त्या कायद्यात केल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं म्हणायला आपल्या राज्यघटनेत आधार सापडत नाही, असंही पीठाने नोंदवलं. मधे २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने सगळ्या प्राणिसृष्टीला कायदेशीर व्यक्ती म्हटलं आणि राज्यातल्या तमाम नागरिकांना त्यांचे पालक केलं.

आणखी एक. कलम ४१ मधली समिती जैविक संसाधनांबाबत सल्ला देते. जमिनीच्या ठरावावर तिला नकाराधिकार नाही. तुमची हरकत सल्ल्याच्या पातळीवरच राहील.

बोदवडचा_बंड्या

तमाम नागरिक पालक म्हणजे एकही नाही. आमच्या कॉलनीतला पाण्याचा नळ असाच सगळ्यांचा आहे.

शहाद्याची

नोंदवहीत लांडगा नाही हे वाचून रानपिंगळा आठवला. खान्देशी माणसाला ही गोष्ट माहीत असायलाच हवी.

जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज अधिकारी १८८० च्या दशकात पश्चिम खान्देशात होता. त्याने तळोदा-शहादा भागातून या छोट्या घुबडाचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी कुणाला दिसलाच नाही. पुढे कर्नल माइनर्टझहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचा एक नमुना लांबवला आणि त्यावर १९१४, मांडवी, गुजरात अशी खोटी चिठ्ठी लावली. लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर भलतीकडे शोधत राहिले. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, जुने खरे पत्ते धरले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्या शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या उतारावर रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी. तो कुठे गेलाच नव्हता, इथेच सागाच्या विरळ रानात दिवसाढवळ्या सरडे पकडत होता.

म्हणून मला वाटतं, सभेत कोण बोलणार याच्या आधी नोंदवही कोण लिहिणार हे ठरवा. ज्या जनावराची नोंद चुकीच्या गावात आहे त्याच्या वतीने कितीही चांगला वकील द्या, तो चुकीच्या गावच्या सभेतच भांडेल. आमच्याकडे गुराख्याला जे माहीत असतं ते नोंदवहीत येत नाही, कारण नोंदवही भरणारा गुराख्याला विचारत नाही.

सातपुड्यातली

ताई, गोष्ट खरी आहे, पण पुढचंही सांगा. त्याच घुबडासाठी, वाघासाठी, अभयारण्यासाठी म्हणून आमच्या लोकांना किती वेळा जंगलाबाहेर काढायला बघितलं? जनावरांचा प्रतिनिधी म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे गणवेश येतो. प्राण्यांच्या नावाने बोलणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाला गप्प करायला आलेला असतो.

वन हक्क कायदा, २००६, कलम ५ वाचा. वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला दिलाय. बाहेरचा वादमित्र कशाला? आमच्या शिवेवर वाघदेव आहे. वाघबारशीला गुराखी नैवेद्य करतात, वाघाला त्याची हद्द सांगतात आणि आपली पाळतात. याला तुम्ही श्रद्धा म्हणता, मी करार म्हणते.

माळावरचा

ताई, तुमचा राग समजतो. गणवेशवाला नको म्हणूनच मी ग्रामसभेतून नेमलेला माणूस म्हणतोय. पण एक विचारतो. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेनेच उद्या तोडीचा ठराव केला तर? तेव्हा हरकत कोण घेईल?

सातपुड्यातली

आमच्यातलीच एखादी म्हातारी घेईल. आणि नाही घेतली तर ती आमची चूक असेल, आम्ही निस्तरू. तुमच्या साक्रीत सगळं गाव हसलं तेव्हा कुठला कायदा धावून आला?

ढोरांचा_दवाखाना

पशुवैद्यक आहे, आता निवृत्त. वन्यप्राण्यांवर सगळे बोलताहेत म्हणून पाळीव जनावरांचं बोलतो. निर्णय खरे तर त्यांच्यावर रोज होतात.

फेब्रुवारी २००६. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात निघाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. मारणं योग्यच होतं, त्या रोगात दुसरा इलाज नसतो. २०२१ मध्ये नवापुरातच पुन्हा तेच. आता या सगळ्यात कोंबड्यांच्या बाजूने बोलायची वेळ कोणती होती? मारायचं ठरलं त्या दिवशी नव्हे. त्या दिवशी देवाचा वकील आणला तरी उपयोग नव्हता. वेळ होती आधीची: एका तालुक्यात किती पोल्ट्री, दोन शेडमध्ये अंतर किती, पिंजऱ्यात पक्षी किती, मेलेले पक्षी टाकायचे कुठे. हे परवाने देताना जमिनीची कागदपत्रं, वीज, पाणी सगळं बघतात. पक्ष्याची जागा कुणी विचारत नाही. आणि गंमत अशी की तिथे पक्ष्याचं हित आणि मालकाचं हित एकच होतं. दाटी कमी असती तर दोघं वाचले असते.

लम्पी या ढोरांच्या रोगाचं मात्र उलट. २०२२ च्या साथीची राज्यातली पहिली नोंद रावेर तालुक्यात चिनावलला झाली. बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली. बैल विकून पेरणीचं देणं फेडणाऱ्याचे हाल झाले, पण बाजार बंद केले नसते तर आणखी ढोरं गेली असती. तिथे ढोराचं हित आणि मालकाची त्या आठवड्याची गरज उलट्या दिशेला होती. प्रतिनिधी नेमायचा तर अशा दिवसासाठी नेमा. हित जुळतं तिथे मालक पुरतो.

आणि हो, संस्था नाही असं नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखाली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ १९६२ पासून आहे. त्यात खासदारही सदस्य असतात. मंडळावर जनावरांच्या नावाने बोलतात, फक्त तालुक्यापर्यंत त्यांचा आवाज येत नाही.

भाकड

प्रतिनिधित्वाचं काय होतं ते बघायचं तर गाय बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता केलं. याहून मोठं पद कुठल्या जनावराला मिळणार? त्याआधी २०१५ पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद. बैल विकायचा तर गिऱ्हाईक नाही, ठेवायचा तर चारा नाही, म्हणून रात्री हायवेला सोडून देतात. ट्रकखाली जातो तो राज्यमातेचाच मुलगा. तुम्ही हरकतवाला नेमाल, आणि पहिल्याच निवडणुकीत त्या खुर्चीवर गावातला सगळ्यात मोठा आवाज असलेला गोरक्षक बसेल. तो लांडग्यासाठी बोलणार आहे का? टिटवीची तर त्याला ओळखही नसेल.

माळावरचा

भाकड, हा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे: खुर्ची निवडणुकीची नसावी, चिठ्ठीने फिरती असावी, आणि तिला मतच नसावं. सत्ता नसलेल्या खुर्चीसाठी भांडायला कोण येईल?

भाकड

सत्ता नसलेली खुर्ची म्हणजे तुमची आत्ताची जैवविविधता समिती.

बोदवडचा_बंड्या

😂 आऊट.

अॅमस्टरडॅमचा_जळगावकर

इकडची माहिती देतो. नेदरलँड्समध्ये प्राण्यांसाठीचा पक्षच आहे. २००६ मध्ये १५० च्या संसदेत दोन जागा मिळाल्या, राष्ट्रीय संसदेत पोचलेला असा तो पहिलाच पक्ष. तो सत्तेत कधी आला नाही, पण गोठे-पोल्ट्रीच्या चर्चेत इतर पक्षांना त्याच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिक कँटनने १९९२ पासून प्राण्यांचा सरकारी वकील ठेवला होता. प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या खटल्यात तो प्राण्याच्या बाजूने उभा राहायचा. एकदा तर गळाला लागलेल्या पाइक माशाला मच्छीमाराने दहा मिनिटं झुंजवलं म्हणून खटला उभा राहिला. मच्छीमार सुटला, जगभर हसं झालं. मार्च २०१० मध्ये हा वकील सगळ्या देशात नेमावा का यावर जनमत घेतलं, ७० टक्क्यांनी नाही म्हटलं. त्यानंतर झुरिकची जागाही गेली. न्यूझीलंडमध्ये मात्र २०१७ पासून वांगानुई नदीच्या वतीने दोन माणसं बोलतात, एक सरकारने नेमलेला, एक माओरी लोकांनी. ते चाललंय, कारण नदीकाठचे लोक आधीपासूनच तिच्याकडे पूर्वज म्हणून बघतात.

रावेरकर

मासा दहा मिनिटं झुंजला म्हणून खटला 🙏 आमच्याकडे माणूस दहा वर्षं झुंजतो.

पाटण्याचा

चाळीसगावकर आहे. गौताळा अभयारण्याच्या पायथ्याशी राहतो, तेव्हा बिबट्यावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

२०१७ मध्ये आमच्या तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली. बाया, पोरं. लोक दिवेलागणीला दार लावून बसायचे. शेवटी डिसेंबरात त्याला गोळी घातली. त्या वेळी कुणी मला बिबट्याचा प्रतिनिधी म्हणून भेटला असता तर काय केलं असतं ते इथे लिहीत नाही.

पण एक सांगतो. त्या जनावराच्या बाजूने कायद्यात एक वाक्य होतंच. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११: मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी कारण द्यायचं, आणि पकडून किंवा बेशुद्ध करून भागणार नाही अशी खात्री झाल्याशिवाय मारायला परवानगी द्यायची नाही. माळावरचे मागताहेत ते हेच आहे, फक्त गोळीऐवजी ठरावासाठी. तेवढं मला पटतं.

आता गायरानाचं. आमच्याकडे बिबट्या आणि माणूस समोरासमोर येतात ते बहुतेक वेळा रात्री, पाण्याची पाळी असते तेव्हा. कारण वीज रात्री येते. शेतकरी बॅटरी घेऊन उसात, मक्यात उभा. दिवसा वीज आली तर माणूस रात्री घरी, बिबट्याला रान मोकळं. म्हणजे माळावरचे, तुमच्या सौर प्रकल्पाला बिबट्याचा प्रतिनिधी पाठिंबा देईल! लांडगा विरोध करेल. आता सभेत "जनावरांचं म्हणणं" काय म्हणून लिहायचं?

माळावरचा

पाटण्याचा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि फार मोलाचं आहे.

म्हणजे "जनावरांचा" असा प्रतिनिधी असूच शकत नाही. माळावरचा लांडगा आणि उसातला बिबट्या यांचं हित वेगळं, टिटवीला अंडी घालायला उघडी जमीन हवी, रोहीला आबांचा हरभरा. हरकत द्यायची ती जागेपुरती द्यायला हवी: या तुकड्यावर कोण राहतं, ठराव झाला तर ते कुठे जाईल. सगळ्या प्राणिमात्रांच्या नावाने बोलायला लागलो की उत्तराखंडसारखं होतं, सगळे पालक. एका तुकड्यावर बोललो तर सभेला पर्याय तरी सुचतो. आमच्याकडे पडीक पण चराई नसलेला मुरमाड तुकडा शेजारीच होता. पॅनल तिथे बसले असते, कुणी बघितलंच नाही.

वाड्यावरचा

ठेलारी आहे, मेंढरं घेऊन फिरणारा. पहिल्यांदा लिहितोय, मराठी बरोबर नसेल तर चालवून घ्या.

लांडगा आमच्या मेंढ्या नेतो. वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या तळावर, रात्री कुत्री बांधतो, पोरं जागतात. तरी नेतो. भरपाईला अर्ज करायचा तर पंचनामा होईपर्यंत मेलेलं मेंढरू तिथेच ठेवा म्हणतात, आणि आमचा वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला. त्यामुळे भरपाई क्वचित.

तरी सांगतो, लांडग्याची हरकत आम्ही देऊ. त्याला जो माळ लागतो तोच आम्हाला लागतो. तारेचं कुंपण झालं की तोही बाहेर आणि आम्हीही. गेल्या काही वर्षांत चराईच्या जागा कशा गेल्या ते आमच्या म्हाताऱ्यांना गावागणिक पाठ आहे. लांडग्याची बीळं, पाणवठे, कुठल्या नाल्यात पिल्लं असतात ते पण माहीत आहे. पण आमचं नाव तुमच्या गावच्या मतदार यादीत नाही. ग्रामसभेत आम्ही बोललो तर म्हणतात तुम्ही बाहेरचे. मग लांडगा पण बाहेरचा आणि आम्ही पण.

शहाद्याची

दादा, मराठी उत्तम आहे. नोंदवही लिहायला माणूस सापडला बघा.

भाकड

हे मला आतापर्यंतचं सगळ्यात पटणारं वाटलं. चांगुलपणापेक्षा गरज बरी. ज्याचं पोट त्याच माळावर आहे तो हरकत सोडणार नाही. फक्त त्याला कुणी कुंपणाचे पैसे दिले की हित फिरेल, तेवढी शंका ठेवतो.

वाड्यावरचा

पैसे द्यायला आमच्या नावावर काही असावं लागतं.

अहिराणी_आबा

ठेलारी भाऊनं खरं सांगं. पन मना रोहीनं काय? माळ गया का रोही बठ्ठा मना वावरमा येतस, हाई भी लिखा त्या हरकतमा. मंग मी भी सही करस.

माळावरचा

आबा, हे तर हरकतीतलं पहिलंच कलम होऊ शकतं. माळ बंद झाला की जनावर शेतात येणार, त्याचं नुकसान ठरावात धरा. पंचनाम्याला हरकतवाल्याने हजर राहायचं हेही घालतो.

पुढच्या ग्रामसभेसाठी असं मांडायचा विचार आहे: जैवविविधता समिती नव्याने नेमणे, त्यात गुराखी किंवा मेंढपाळ एक तरी घेणे, हंगामी येणाऱ्या वाड्यांनाही नोंदवहीत माहिती देता येणे, आणि जमिनीच्या प्रत्येक ठरावाला समितीची लेखी टिपणी जोडणे. कुणाला भाषा सुधारायची असेल तर सांगा.

कोर्टकचेरी

"ऐनवेळचे विषय" मध्ये मांडू नका, तिथे लेखी काही राहत नाही. ग्रामसेवकाकडे आधी अर्ज देऊन विषयपत्रिकेत घ्या आणि पोच घ्या. समितीतल्या सदस्यांना गावातली रहिवास-मतदार अट लावतात, तेव्हा वाड्यावरच्यांना सदस्य करता येणार नाही. पण नोंदवहीची माहिती कुणाकडूनही घेता येते, त्यांची नावं "माहिती देणार" या रकान्यात घाला. आणि मंजूर झालेल्या सौर ठरावाची प्रत काढून ठेवा. त्यात गट नंबरपुढे "पडीक, वापरात नसलेली" असं लिहिलं असेल, तर वाड्यांच्या मुक्कामाचे जुने फोटो आणि चराईच्या पावत्या आत्ताच गोळा करा. तुमचा मुद्दा तिथेच लागू पडेल.